आईला ओमाकासे हवं होतं

ज्याला एखाद्या भाषेतले जेमतेम बारा-तेरा शब्द येतात, त्याने ते हॉटेलातच वापरावेत, घरी वापरू नयेत, हा धडा मला बासष्टाव्या वर्षी मिळाला. माझं नाव रसेल इनाबा. चेहरा आजोबांकडून आलेला, थेट हिरोशिमाचा. जीभ मात्र शिकागोची. मला जपानी येतं ते सगळं खाण्याचं. माशांची नावं, शेवयांची नावं, 'अजून थोडं वाढा' आणि 'पोट भरलं'. एवढ्या भांडवलावर मी एकतीस वर्षं ऑफिसात जपानी माणूस म्हणून मिरवत आलो. कुणाला सुशी खायला जायचं असेल तर आधी मला विचारत. मीही डोळे मिटून, फार विचार केल्यासारखं करून सल्ला देत असे.

तर आई फेब्रुवारीत अठ्ठ्याऐंशी वर्षांची होणार होती. आमच्यात हा वाढदिवस मोठा. त्याला तांदळाचं वर्ष म्हणतात, कारण जपानी लिपीत तो आकडा आणि 'तांदूळ' हे अक्षर सारखं दिसतं म्हणे. मला ती लिपी वाचता येत नाही, म्हणून 'म्हणे'. आई खालच्या मजल्यावर राहते, मी वरच्या. माझी थोरली बहीण लोरेन फिनिक्सला असते. तिथे बारा महिने ऊन, आणि त्यामुळे तिचं डोकंही बारा महिने तापलेलं. जानेवारीत तिचा फोन आला.

"आईचं वजन अकरा पौंड उतरलंय. डॉक्टरांनी मला कागद पाठवलाय. रसेल, ती तुझ्या डोळ्यांदेखत उपाशी राहतेय!"

"खाते की ती."

"काय खाते?"

मला आठवेना. मी रोज संध्याकाळी खाली जातो, आईशी दहा मिनिटं बोलतो, कचऱ्याची पिशवी घेऊन वर येतो. पिशवी हलकी असते, एवढंच मला ठाऊक होतं.

"बघ! तुला माहीतसुद्धा नाही," लोरेन म्हणाली. "मी वाढदिवसाला येतेय. माझ्यासमोर पोटभर जेवली तर राहू दे तिथे. नाही जेवली तर मी तिला घेऊनच परत येणार. पुन्हा सांगितलं नाहीस म्हणू नकोस."

फोन ठेवल्यावर मला घर एकदम मोठं वाटायला लागलं. बायको बारा वर्षांपूर्वी सोडून गेली (त्याचं कारण या गोष्टीत येत नाही, असं मी तेव्हा समजत होतो). खालून आईच्या टीव्हीचा आवाज येतो, म्हणून मला झोप लागते. तो आवाज फिनिक्सला गेला तर मी काय करायचं? मी तडक खाली गेलो. आई स्वयंपाकघरात तिच्या त्या पिवळ्या खुर्चीवर बसली होती. अंगात दोन स्वेटर, ओव्हनचं दार उघडं आणि पाय ओव्हनसमोर धरलेले. ही तिची जुनी खोड. मी नेहमीप्रमाणे ओव्हन बंद केला, गॅस उगाच जळतो म्हणून थोडा रागावलो, आणि विचारलं, "आई, वाढदिवसाला कुठे जेवायला जाऊ या?"

आई म्हणाली, "ओमाकासे."

मी चाटच पडलो. जपानी हॉटेलात ओमाकासे म्हणजे सर्वांत वरचा प्रकार. आपण काही मागवायचं नाही. शेफ एकेक घास हातावर बनवून समोर ठेवणार, आपण माना डोलवायच्या. जन्मभर कूपनं कापून किराणा आणणारी माझी आई, जिला मी कधी दुसऱ्यांदा चहा मागताना पाहिलं नाही, ती एकदम ओमाकासे म्हणाली! मला भरून आलं. म्हटलं, वा, म्हातारीच्या मनात एवढं होतं तर!

खरं म्हणजे मला तिथेच शंका यायला हवी होती. आमच्या लोकांत आपल्याला काय हवं ते पहिल्या खेपेला कुणी सांगत नाही. याला आम्ही एन्र्यो म्हणतो. पाहुण्याने दोनदा 'नको, नको' म्हणायचं, यजमानाने तीनदा विचारायचं, मग तिसऱ्यांदा पाहुण्याने कसनुसं होऊन ताट पुढे करायचं. आमच्याकडे कुठल्याही समारंभात ताटलीतला शेवटचा तुकडा वाळून कोळ होतो, पण त्याला कुणी हात लावत नाही. हे सगळं मला पाठ आहे. पण एकतीस वर्षं इंग्रजी ऑफिसात काढलेला माणूस एकदाच विचारतो आणि उत्तर लिहून घेतो.

आता हॉटेल. शहरात ओमाकासे देणारी अनेक आहेत, पण सगळ्यांच्या मते खरं एकच. त्या हॉटेलाच्या दारावर पाटी नाही. आत आठ खुर्च्या. दर सकाळी दहाच्या ठोक्याला पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेच्या खुर्च्या इंटरनेटवर सुटतात, आणि चार सेकंदांत संपतात. ही माहिती मला शेजारच्या स्टॅन वोइचिकने दिली. स्टॅन निवृत्त प्लंबर. त्याने आयुष्यात सुशी एकदाच खाल्ली आहे, तीही पेट्रोल पंपावरची, पण म्हणून त्याचा सल्ला कधी अडला नाही.

"रसेल, तू पोरी लावतात तशी नखं लाव," तो म्हणाला. "माझी पुतणी नखांनी टकाटक टाइप करते. तुझ्या या जाड बोटांनी काही होत नसतं."

"मी एकतीस वर्षं टाइप करतोय, स्टॅन."

"हो, पण कुणाला नाही म्हणायला. त्याला घाई नसते."

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. मी विमा कंपनीत तक्रार विभागात आहे. लोक लिहितात की आमचं छप्पर उडालं. मी लिहितो, 'आपल्या छपराबद्दल वाचून आम्हांस खेद वाटतो. तथापि...' या 'तथापि'वर माझं घर चाललेलं आहे.

वाढदिवसाच्या आदल्या दिवसाच्या खुर्च्या माझं आडनाव लिहून होईपर्यंत संपल्या. खुद्द वाढदिवसाच्या खुर्चीपर्यंत मी पोहोचलो, पण तिथे 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून नऊ चित्रं आली. ज्यांत सिग्नल दिसतो ती निवडायची. आता सिग्नलचा नुसता खांब म्हणजे सिग्नल की नाही? मी विम्यातला माणूस, मला असे प्रश्न गंभीरपणे घ्यायची सवय. मी विचार करतोय तोवर ज्यांनी विचार केला नाही ते जेवायला बसलेसुद्धा. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाच्या खुर्च्या मात्र मिळाल्या. दोन. आम्ही तिघं.

फॉर्मवर 'विशेष प्रसंग' असा एक रकाना होता. मी अभिमानाने लिहिलं, 'बेईजू', म्हणजे अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस. मग तिसऱ्या खुर्चीसाठी नम्र पत्र लिहिलं. उत्तर आलं. 'प्रिय श्री. बेईजू, आपल्या मातोश्रींच्या वाढदिवसाबद्दल वाचून आम्हांस आनंद झाला. तथापि...'

ते 'तथापि' वाचून माझ्या छातीत जे झालं, ते मी आजवर किती हजार घरांत पोहोचवलंय याचा त्या क्षणी प्रथमच अंदाज आला. छप्पर उडालेले लोक डोळ्यांसमोरून गेले. मी तीन दिवस ऑफिसात एकही नकार लिहिला नाही. चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावून विचारलं की प्रकृती बरी आहे ना.

पण धंद्यातल्या माणसाला धंद्यातली खोच माहीत असते. ईमेल करणाऱ्याला आम्ही भीत नाही, फोनवर ओरडणाऱ्याला तर मुळीच नाही. आम्ही भितो तो कागदावर, शाईने, रजिस्टर पोस्टाने लिहिणाऱ्याला. कारण त्याला भरपूर वेळ असतो. मी रजिस्टर पोस्टाने पत्र धाडलं. नवव्या दिवशी तिसरी खुर्ची मिळाली, आणि सोबत नियमांची यादी. सर्व मंडळींनी एकत्र यावं. दहा मिनिटं उशीर झाल्यास खुर्च्या जातील. लवकर आल्यास दार उघडलं जाणार नाही. अत्तर, सेंट, सुगंधी तेल लावून आल्यास प्रवेश नाही. शेफने दिलेला पदार्थ बदलून मिळणार नाही. मी ती यादी आईला वाचून दाखवली.

"चालेल ना, आई?"

"चालेल की," आई ओव्हनसमोर पाय चोळत म्हणाली. "तू एवढं केलंस."

जेवणाच्या दिवशी उणे सतरा तापमान होतं. आदल्या दिवशी बर्फ पडलेला. गाडी बर्फातून उकरून काढायला मला दोन तास लागले. आपण उकरलेली जागा आपण जाताच दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून आमच्या शहरात तिथे खुर्ची ठेवतात. मी एक मोडका स्टूल आणला.

"हा? हा कोण मानणार?" स्टॅन खिडकीतून ओरडला. "नीट खुर्ची ठेव. घरातली वाटली पाहिजे. लोकांना लाज वाटली पाहिजे ती हलवताना!"

म्हणून मी आईच्या स्वयंपाकघरातली पिवळी खुर्ची आणून रस्त्यात ठेवली. आई दारात उभी राहून पाहत होती.

लोरेन विमानतळावर उतरली ती सेंटच्या ढगातच. तिला मी हॉटेलच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर नेऊन मान धुवायला लावली. उणे सतरात, गार पाण्याने. "मी आईला जेवताना बघायला आलेय, बाप्तिस्मा घ्यायला नाही," ती दात वाजवत म्हणाली. एवढं करूनही उशीर होईल या धास्तीने मी इतकी घाई केली होती की आम्ही अकरा मिनिटं आधीच पोहोचलो. लवकर येणाऱ्यांना दार उघडणार नव्हतेच. गाडी लांब लावलेली, आईचा चार पायांचा वॉकर बर्फात. आम्ही तिघं पाटी नसलेल्या दाराकडे बघत उभे राहिलो. आईचे ओठ निळसर दिसायला लागले.

"थंडी वाजतेय का, आई?" मी विचारलं.

"छे, छे," आई म्हणाली. मी समाधानाने मान हलवली.

बरोबर पाच वाजता, आमच्या वेळेला, दार उघडलं. काळ्या पोशाखातली एक मुलगी वाकून म्हणाली, "या, बेईजू कुटुंब." मग तिचं नाक हललं. "माफ करा, कुणी काही लावलंय का?" मलाही तेव्हाच जाणवलं. आईच्या कमरेला लावलेल्या जपानी औषधी पट्टीचा वास, मिरमिरणारा, पुदिन्यासारखा. आमच्या सगळ्या म्हाताऱ्यांना हा वास येतो. आमच्या देवळातसुद्धा उदबत्तीच्या वर तोच असतो. आईने मान खाली घातली.

"मी लावलंय," मी म्हणालो. "माझी पाठ धरलीय."

त्यांनी माझा कोट, जाकीट आणि स्वेटर बाहेरच्या कपाटात ठेवून घेतले. एकतीस वर्षं कंपनीची प्रतिष्ठा सांभाळणारा हा माणूस शहरातल्या सर्वांत महागड्या जागी बनियनवर एक शर्ट घालून बसला. वास अर्थातच तसाच येत राहिला.

आई मध्ये, मी डावीकडे, लोरेन उजवीकडे. समोर लाकडी फळीमागे शेफ. मला वाटलं होतं, आजोबांसारखा कुणी तरी असेल. तर तो सहा फूट उंच, सोनेरी दाढीचा, नेब्रास्काचा ब्रेंट. मी माझा एक राखीव जपानी शब्द टाकला. त्याने मला अर्धा मिनिटभर अस्खलित जपानीत उत्तर दिलं. मी हसलो. त्याने काहीतरी विचारलं. मी पुन्हा हसलो. त्याच्या चेहऱ्यावर दया आली आणि तो इंग्रजीवर उतरला. पलीकडच्या खुर्च्यांवरचे पाच लोक माझ्या चेहऱ्याकडे आणि त्याच्या दाढीकडे आळीपाळीने बघत होते.

एकूण अठरा घास येणार होते. पहिला आला. भाताच्या इवल्याशा गोळ्यावर पारदर्शक मासा. लोरेन मान वळवून आईकडे बघतेय, मी श्वास रोखून धरलाय. आईने तुकडा उचलला, तोंडाशी नेला, तेवढ्यात लोरेनचा घास समोर आला म्हणून ती तिकडे वळली. त्याच क्षणी आईचा तुकडा माझ्या ताटलीत आला. मी डोळे विस्फारून पाहिलं.

"खा लवकर," आई ओठ न हलवता पुटपुटली. "नाहीतर लोरेन मला फिनिक्सला नेईल."

मी गिळला. लोरेन वळली. आईची ताटली रिकामी. "जेवली!" लोरेन आनंदाने म्हणाली.

मग ते सुरूच झालं. आईच्या हातात एवढी चपळाई असेल असं वाटलं नव्हतं. ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षं दुसऱ्याच्या ताटात घास सरकवायचा सराव, दुसरं काय. माझे अठरा आणि आईचे मिळतील तेवढे. आठव्या घासाला पट्टा सैल केला. बाराव्याला डोळ्यांत पाणी आलं. ब्रेंटला वाटलं, वासाबीची तिखट चटणी झोंबली. आई मधूनमधून आल्याचं लोणचं खात होती, हसत होती, "छान, छान" म्हणत होती. मी मनात म्हणत होतो, जिंकलो, फक्त पोट फाटायला नको. मला एवढंच जरा विचित्र वाटत होतं की लोरेनलाही घाम सुटलेला होता.

सतराव्या घासाला ब्रेंटने सुरी खाली ठेवली. तो आईसमोर वाकला आणि हळू आवाजात जपानीत काहीतरी म्हणाला. आईने वर पाहिलं. आणि मग ती बोलायला लागली. तिच्या आईचं, शेतावरचं जपानी. सलग, हातवारे करून, मध्येच हसून. इतकी वाक्यं मी तिच्या तोंडून वर्षभरात ऐकली नव्हती. ब्रेंट आधी हसत होता. मग हसायचा थांबला.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं. माझ्या आईचं बोलणं मी नेब्रास्काच्या माणसाला विचारत होतो. याहून खाली जायला आता पायरी उरली नव्हती, असं मला वाटलं, पण होती.

"रागावू नका," ब्रेंट म्हणाला. "मी इथून सगळं बघतो. आईंचे अकरा घास तुमच्याकडे आले, सहा ताईंकडे."

मी लोरेनकडे पाहिलं. लोरेन लाल झाली. "मला म्हणाली, रसेलने एवढं केलंय, त्याला वाईट वाटेल!" ती पोट धरून म्हणाली. "मला काय माहीत तू पण खातोयस!"

"त्या म्हणतात," ब्रेंट पुढे म्हणाला, "त्यांनी सहाव्या वर्षानंतर कच्चा मासा खाल्लेला नाही. युद्धात इथल्या सरकारने जपानी लोकांना डांबलं, त्या छावणीत होत्या. एकदा मासे आले ते उन्हात उभ्या गाडीतून आले. सगळी बराक आजारी पडली. संडासासमोर रांग, त्यात या आणि यांची आई. तेव्हापासून नाही."

"पण दर नव्या वर्षाला ती घरी मासा कापायची!" मी म्हणालो. "बाबांसाठी, आमच्यासाठी!"

"कापायचे," आई इंग्रजीत म्हणाली. "बसायचे कधी?"

मला ते स्वयंपाकघर दिसलं. आम्ही टेबलाशी, ती ओट्याशी, पाठमोरी. पन्नास वर्षं मला वाटत आलं की ती कामात आहे.

"मग ओमाकासे कशाला म्हणालीस, आई?"

आईने ब्रेंटकडे पाहिलं. हे कसं सांगावं, असं. त्यानेच सांगितलं, फार हळुवारपणे, जसं मी छपराबद्दल लिहितो तसं. "ओमाकासे म्हणजे 'तू ठरव', मिस्टर इनाबा. एवढाच अर्थ आहे त्याचा. तुम्ही विचारलंत, कुठे जाऊ या. त्या म्हणाल्या, तू ठरव."

अठरावा पदार्थ होता गोड अंड्याचा चौकोनी तुकडा. आईने तो बोटांनी उचलला आणि भुकेल्या माणसासारखा खाल्ला. ब्रेंटने लगेच दुसरा दिला. तोही खाल्ला. निघताना तो मला म्हणाला, "आईंचं जपानी फार सुंदर आहे. मी क्योटोला नऊ वर्षं होतो, असं बोलणारं तिथे आता कुणी उरलेलं नाही." मी 'आभारी आहे' म्हणालो. इंग्रजीत.

आम्ही गाडीत बसलो. लोरेन आणि मी बोलण्याच्या स्थितीतच नव्हतो; श्वास घेतला तरी मासा आठवत होता.

"आई," शेवटी मी विचारलं, "तुला खरं कुठे जायचं होतं?"

"त्या चायनीज हॉटेलात. आपण जायचो ते. बदाम लावलेलं बदक."

आमच्यातली सगळी लग्नं, बारशी आणि मयतानंतरची जेवणं त्याच चायनीज हॉटेलात झाली. जपानी माणसं जपानी हॉटेलात जातात हा समज बाकीच्या जगाचा. "आई, ते बंद पडून सत्तावीस वर्षं झाली."

"माहितेय. म्हणून तर म्हटलं, तू ठरव."

कोपऱ्यावर हॉटडॉगचं दुकान उघडं होतं. आई काचेतून त्याकडे बघत होती. मी गाडी थांबवली. आत गरम होतं. आई हीटरजवळच्या बाकावर बसली. तिने एक हॉटडॉग मागितला. "केचप घालून," म्हणाली.

काउंटरवरचा माणूस ताठ झाला. शिकागोत मोठ्या माणसाने हॉटडॉगवर केचप मागणं म्हणजे भर वर्गात शिट्टी वाजवणं. "बरोबर लहान मूल आहे का, आजी?"

"नाही. मीच खाणार."

"तुमची आवड मी समजू शकतो, पण आमच्याकडे—"

मला त्यातलं 'तथापि' येताना ऐकू आलं. मी काउंटरवर मूठ आपटली. आयुष्यात प्रथमच. "ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे! ती म्हणेल ते घाल!"

त्याने तोंड फिरवून केचप घातला. आईने तो हॉटडॉग अख्खा खाल्ला. मग दुसरा. छावणीत रविवारी असेच सॉसेज मिळायचे, ती म्हणाली, रविवार तेवढा बरा असायचा. लोरेन बाकावर टेकून तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम रडायला लागली.

"जा, राहू दे तिला तुझ्याकडे," ती मला म्हणाली. "तू निदान मूठ तरी आपटलीस. जेवली ती. मी हरले."

मी जिंकलो होतो. इथेच थांबायला हवं होतं. पोटभर मासा आणि पदरात विजय घेऊन, आईला गाडीत घालून मुकाट घरी यायला हवं होतं. पण त्या दिवशी मला शहाणपण सुचलं.

"आई," मी विचारलं, "तुला कुठे राहायचंय? इथे की लोरेनकडे?"

"ओमाकासे," आई म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

"नाही, आई. खरंच सांग. कुठे?"

"मला काय रे. इथेही बरंय. तुझं बघायला कुणीतरी हवं."

दोनदा झालं. दोनदा विचारून थांबणाऱ्या माणसाला कुणी नावं ठेवत नाही. लोरेनने कोट घालायला घेतला होता. मी आईचे हात हातात घेतले. गरम दुकानात अर्धा तास बसूनही ते गार होते. मग मला ओव्हनचं उघडं दार आठवलं, आणि तो मी किती वेळा बंद केला ते.

"आई, तुला कुठे राहायचंय?"

आईने तोंड पुसलं. खाली बघत, कसनुसं होऊन ती म्हणाली, "फिनिक्सला, रसेल. इथे मला फार थंडी वाजते."

"कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू तीनदा कधी विचारलंस?" आई म्हणाली. रागाने नाही. साधंच म्हणाली, हवामान सांगावं तसं.

घरी आलो तेव्हा पिवळी खुर्ची जागेवर होती. कुणी हलवली नव्हती. स्टॅनचं म्हणणं खरं ठरलं. मी गाडीतून उतरलो, तिच्यावरचा बर्फ हाताने झटकला आणि ती उचलली. "हिला नीट बांधून देतो, आई," मी म्हणालो. "तिकडे नेता येईल."

आईने काच थोडी खाली केली.

"ती राहू दे," ती म्हणाली. "तुला गाडी लावायला लागेल."